रक्त गोठण्याच्या चाचण्या : अहवाल नेमका बिघडतो कुठे?

शस्त्रक्रिया ठरली की तपासण्यांच्या यादीत साखर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन यांच्या जोडीला रक्त गोठायला लागणारा वेळ मोजणाऱ्या पीटी आणि एपीटीटी येतातच. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेला रुग्ण ठरावीक दिवसांनी आयएनआर, म्हणजे पीटीचंच प्रमाणित रूप, करून घेतो. कावीळ झालेल्याचं यकृत किती काम करतंय हे पीटीवरून जोखतात. दात काढल्यावर रक्त थांबेना झालं की एपीटीटी मागवली जाते. अहवालावर सेकंदांतला आकडा असतो, शेजारी सामान्य मर्यादा असते, आणि आकडा मर्यादेबाहेर गेला की घरात धास्ती पसरते. रक्त कसं काढलं, कोणत्या नळीत भरलं, किती वेळ कुठे ठेवलं, यावरही हा आकडा अवलंबून असतो. अहवालावर मात्र त्यातलं काहीच छापलेलं नसतं.

इटलीतल्या पादुआ इथे प्लेबानी आणि काररारो यांनी तातडीच्या प्रयोगशाळेतल्या चुका मोजून १९९७ मध्ये प्रसिद्ध केल्या. सापडलेल्या चुकांपैकी ६८ टक्के चुका नमुना यंत्रात जाण्याआधीच झालेल्या होत्या. प्रत्यक्ष चाचणी करतानाच्या चुका १३ टक्क्यांच्या आसपास होत्या. दहा वर्षांनी तिथेच पुन्हा मोजणी झाली, तेव्हाही पहिला वाटा ६२ टक्क्यांच्या घरात होता. हे आकडे सगळ्या तपासण्यांचे मिळून आहेत. त्यांतही रक्त गोठण्याच्या चाचण्या विशेष नाजूक.

या चाचण्या इतक्या हळव्या का?

साखर मोजताना रक्तात किती साखर आहे, एवढंच पाहायचं असतं. पीटी किंवा एपीटीटीत असा एखादा पदार्थ मोजत नाहीत. प्लाझ्मामध्ये ठरावीक अभिकर्मक आणि कॅल्शियम घालून गुठळी नव्याने घडवायची आणि तिला किती सेकंद लागले ते नोंदवायचं, अशी ही रीत आहे. काम विरजण लावण्यासारखं : प्रमाण, ऊब, वेळ आणि भांडं यांतलं काहीही बदललं की परिणाम बदलतो. शिवाय रक्त शिरेबाहेर पडताक्षणी गोठायला निघतं. नळीत पोचेपर्यंत आणि पोचल्यावरही त्यातले घटक थोडेफार जागे होत असतात, काही नासत असतात.

हे गोठणं रोखून धरता येतं, कारण त्याला कॅल्शियम लागतं. फ्रान्समध्ये आर्थस आणि पाजेस यांनी १८९० मध्ये हे दाखवलं : ऑक्झलेटने कॅल्शियम काढून घेतलं की रक्त पातळच राहतं. अमेरिकेतल्या आर्मंड क्विक यांनी १९३५ मध्ये पीटी मांडली ती याच तत्त्वावर. एपीटीटीचं मूळ रूप १९५३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात लँगडेल, वॅग्नर आणि ब्रिंकहाउस यांनी तयार केलं, आणि १९६१ मध्ये प्रॉक्टर व रॅपापोर्ट यांनी त्यात केओलिन घालून तिला आजचं वळण दिलं.

ऑक्झलेट घातलेला प्लाझ्मा साठवून ठेवला की पीटी लांबत जाते, हे क्विक यांच्या ध्यानात आलं. साठवणीत काहीतरी नासतंय, या निरीक्षणातून १९४३ मध्ये एका अस्थिर घटकाची कल्पना पुढे आली. नॉर्वेचे पॉल ओव्रेन त्याच सुमारास रुग्णाच्या बाजूने त्याच घटकापाशी पोचले. तोच आजचा फॅक्टर पाच. नमुना ठेवल्यावर बदलतो, ही या शास्त्राची पहिल्यापासूनची अडचण आहे आणि तिच्यातून शोधही लागले आहेत. पुढे ऑक्झलेट मागे पडलं आणि सायट्रेट आलं, कारण त्यात फॅक्टर पाच आणि आठ बरे टिकतात.

दंडावर

पट्टा आवळल्यापासून चाचणीला सुरुवात झाली असं धरायला हरकत नाही. तो एका मिनिटाहून जास्त राहिला की शिरेतलं पाणी बाहेर झिरपतं, प्रथिनं दाट होतात, फॅक्टर आठ आणि फॉन विलेब्रांड घटक वाढलेले दिसतात. शीर सापडेना म्हणून सुई आत फिरवत राहिलं तर ऊतींमधला टिश्यू फॅक्टर नमुन्यात मिसळतो. हाच पदार्थ पीटीच्या अभिकर्मकात मुद्दाम घातलेला असतो. तो नळीत आधीच आला तर गोठण्याची क्रिया चाचणीपूर्वीच सुरू होते.

आपल्याकडे अजून पुष्कळ ठिकाणी सिरिंजने रक्त काढून मग नळ्यांत भरतात. त्यात दोन धोके आहेत. सिरिंजमध्ये सायट्रेट नसतं, त्यामुळे भरायला उशीर झाला की तिथेच सूक्ष्म गुठळ्या होतात. आणि दट्ट्या जोरात दाबून बारीक सुईतून रक्त नळीत मारलं की तांबड्या पेशी फुटतात. अशा नमुन्याचा प्लाझ्मा लालसर दिसतो, आणि प्रकाशाच्या साहाय्याने गुठळी ओळखणारं यंत्र त्यामुळे गोंधळू शकतं. गोळीच्या हालचालीवरून गुठळी ओळखणाऱ्या यंत्रांना रंगाची अडचण येत नाही. पण पेशी फुटताना गोठण्याची क्रियाही चाळवलेली असू शकते, ती कोणत्याच यंत्राला वजा करता येत नाही.

नळ्यांचा क्रमही ठरलेला आहे. जंतुसंवर्धनाची बाटली असेल तर ती आधी, मग निळ्या टोपणाची सायट्रेट नळी, त्यानंतर सीरमची, हिरवी हेपॅरिनची, जांभळी ईडीटीएची आणि शेवटी फ्लोराइडची करडी. या क्रमाने गेलं की आधीच्या नळीतलं रसायन निळीत शिरत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे निळी नळी थोडी रिकामी राहिली म्हणून जांभळीतलं रक्त तिच्यात ओतणं. ईडीटीए कॅल्शियमला सायट्रेटपेक्षा घट्ट धरतं. मग पीटी आणि एपीटीटी दोन्ही लांबतात, फॅक्टर पाच आणि आठ कमी दिसतात, आणि निरोगी माणसाला गंभीर रक्तस्रावी विकार असल्याचा भास होतो. गंमत अशी की ईडीटीएचा प्लाझ्मा आणि सायट्रेटचा प्लाझ्मा डोळ्यांना सारखेच दिसतात. हुशार तंत्रज्ञ अशा वेळी त्याच नमुन्यात पोटॅशियम आणि कॅल्शियम तपासतो. पोटॅशियम अफाट वाढलेलं आणि कॅल्शियम जवळपास नाहीसं झालेलं दिसलं की चोर सापडतो.

पहिली नळी टाकून द्यावी का, हा जुना वाद. टिश्यू फॅक्टरच्या भीतीने पूर्वी दोन-तीन मिलि रक्त वाया घालवत असत. सरळ सुईने नीट रक्त काढलं तर पीटी, एपीटीटीसाठी त्याची गरज नसते, असं नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. बटरफ्लाय सुई वापरली तर मात्र पहिली नळी टाकावीच, कारण तिच्या लांब नळकांडीतली हवा निळ्या नळीत जाते आणि तेवढं रक्त कमी भरतं. सलाइनच्या किंवा सेंट्रल लाइनमधून नमुना घ्यावा लागला तर आतलं हेपॅरिन आणि द्रव निघून जाईल इतकं रक्त आधी काढून टाकावं लागतं. साधारण पाच मिलि किंवा लाइनमधल्या पोकळीच्या सहापट.

नऊला एक

सगळ्या प्रकरणाचा कणा म्हणजे एक प्रमाण : नऊ भाग रक्त, एक भाग सायट्रेट. तीन मिलिच्या नळीत ०.३ मिलि सायट्रेट आधीच असतं, त्यात २.७ मिलि रक्त यायला हवं. नऊ दशांशाहून कमी भरलेली नळी बहुतेक प्रयोगशाळा नाकारतात आणि ते बरोबरच आहे. समजा २.७ ऐवजी १.८ मिलि रक्त आलं, तर प्रमाण सहाला एक होतं. जास्तीचं सायट्रेट चाचणीत घातलेलं कॅल्शियम गिळतं आणि गुठळीला उशीर लागतो. एपीटीटी यात लवकर बिघडते, पीटी जरा सोशिक आहे.

सायट्रेट ३.२ टक्के वापरावं की ३.८, हाही वाद बरीच वर्षं चालला. दोन्ही बाजारात होती. ३.८ टक्क्यांच्या नळीत वेळ लांबते, नळी कमी भरली तर आणखी लांबते, आणि काही अभिकर्मकांसोबत आयएनआरही हलतो. आता आंतरराष्ट्रीय शिफारस ३.२ टक्क्यांची आहे. महत्त्वाचं हे की प्रयोगशाळेने एकच वापरावं आणि आपली सामान्य मर्यादा त्याच नळीवर ठरवलेली असावी.

नळी काठोकाठ बरोबर भरली तरी प्रमाण चुकू शकतं. सायट्रेट फक्त प्लाझ्मात विरघळतं, तांबड्या पेशींत शिरत नाही. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, ४५ टक्के असेल तर २.७ मिलि रक्तात साधारण दीड मिलि प्लाझ्मा असतो. हेमॅटोक्रिट ६० टक्के असेल तर तो १.०८ मिलिवर येतो आणि त्याच ०.३ मिलि सायट्रेटचा मारा त्याच्यावर होतो. जन्मजात हृदयविकाराने निळं पडणारं मूल, नवजात अर्भक, पॉलिसायथेमियाचा रुग्ण यांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. हेमॅटोक्रिट ५५ टक्क्यांच्या वर असेल तर सायट्रेट कमी करावं, असा नियम आहे. किती, त्याचं सूत्र सोपं आहे : ०.००१८५ गुणिले शंभर वजा हेमॅटोक्रिट, गुणिले रक्ताचे मिलि. साठ टक्क्यांना उत्तर येतं ०.२ मिलि. म्हणजे रक्त घेण्याआधी नळीतून ०.१ मिलि सायट्रेट काढून टाकायचं. फॅलोच्या विकृतीसाठी शस्त्रक्रियेला आलेल्या मुलाची एपीटीटी लांब दिसली तर आधी त्याचा हेमॅटोक्रिट पाहावा. उलट बाजूला, म्हणजे रक्तक्षयात, असा फेरफार करण्याची शिफारस नाही. आपल्याकडे रक्तक्षयाचे रुग्ण इतके आहेत की हा दिलासाच म्हणायचा.

नळी भरल्यावर ती तीन-चार वेळा हळुवार उलटीसुलटी करायची. उलटली नाही तर गुठळी होते, खळखळून हलवली तर पेशी फुटतात. अर्धवट गोठलेला नमुना फार फसवा असतो. त्यातलं फायब्रिनोजेन खर्च झालं असेल तर वेळ लांबते, घटक नुसतेच जागे झाले असतील तर वेळ आखूड येते. त्यामुळे आकड्यावरून गुठळी ओळखता येत नाही. टोपण उघडून काडीने पाहावीच लागते.

वाटेवर

नमुना म्हटला की बर्फाची पेटी, अशी सवय अनेक संकलन केंद्रांना लागली आहे. गोठण्याच्या चाचण्यांना ती मारक आहे. अख्खं रक्त थंडीत ठेवलं की फॅक्टर सात जागा होतो आणि पीटी आखूड येऊ शकते. त्याच वेळी फॉन विलेब्रांड घटक आणि फॅक्टर आठ घटतात. थंड केलेल्या नमुन्यावर निरोगी बाईला फॉन विलेब्रांड रोगाचं लेबल लागू शकतं, आणि पाळीत जास्त रक्तस्राव होतो म्हणून तपासणीला आलेल्या मुलीच्या आयुष्यात ते लेबल पुढे प्रत्येक बाळंतपणाला आणि प्रत्येक शस्त्रक्रियेला उभं राहतं.

मार्गदर्शक सूचना सांगतात, नमुना खोलीच्या तापमानाला ठेवा. ती खोली १८ ते २४ अंशांची असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुचाकीच्या डिकीत तो आणखी चढतो आणि नाजूक फॅक्टर पाच व आठ लवकर नासतात. म्हणजे बर्फही नको आणि ऊनही नको. उष्णता अडवणारी पेटी वापरावी, आतला थंड पॅक नळीला चिकटू देऊ नये. त्याहून चांगलं म्हणजे संकलन केंद्रातच नमुना फिरवून प्लाझ्मा वेगळा करावा.

वेळेची मर्यादा चाचणीनुसार बदलते. पीटी खोलीच्या तापमानाला २४ तासांपर्यंत टिकते, त्यामुळे वॉरफरिन किंवा असिट्रोमच्या गोळीवर असलेल्या रुग्णाचा आयएनआरचा नमुना तालुक्याहून जिल्ह्याला गेला तरी घाबरायचं कारण नाही. एपीटीटी चार तासांत करावी. शिरेतून हेपॅरिन चालू असेल तर एका तासात नमुना फिरवावा लागतो, कारण नळीतल्या प्लेटलेटमधून सुटणारं एक प्रथिन हेपॅरिनला निष्प्रभ करतं. उशीर झाला की एपीटीटी खोटी आखूड येते. मग डॉक्टर हेपॅरिन वाढवतात आणि रुग्णाला रक्तस्राव होऊ शकतो. याच रुग्णाचा नमुना हेपॅरिनच्या लाइनमधून घेतला तर आकडा खोटा लांब येतो, हेपॅरिन कमी केलं जातं आणि गुठळी वाढते.

फिरवताना, गोठवताना

सेंट्रिफ्यूजवर ‘३००० फेरे, १५ मिनिटं’ अशी चिठ्ठी चिकटवलेली बहुतेक प्रयोगशाळांत दिसते. फेऱ्यांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. लागतो तो जोर, गुरुत्वाच्या १५०० पट. यंत्राची त्रिज्या १५ सेंमी असेल तर ३००० फेऱ्यांना तो जोर मिळतो. १० सेंमीच्या छोट्या यंत्रात त्याच फेऱ्यांना जेमतेम १००० पट भरतो. उद्देश असा की प्लाझ्मात एका मायक्रोलिटरमागे दहा हजारांहून कमी प्लेटलेट उराव्यात. साध्या पीटीला थोड्या जास्त प्लेटलेट चालून जातात. प्लाझ्मा गोठवून ठेवायचा असेल किंवा ल्युपस अँटिकोॲग्युलंट हा प्रतिपिंड शोधायचा असेल तर मुळीच चालत नाहीत.

ल्युपसच्या चाचणीत अभिकर्मकातलं फॉस्फोलिपिड मुद्दाम तोकडं ठेवलेलं असतं, म्हणजे प्रतिपिंडाचा परिणाम उघडा पडतो. गोठवताना उरलेल्या प्लेटलेट फुटल्या की त्या स्वतःचं फॉस्फोलिपिड ओततात, प्रतिपिंड त्यात बुडून जातो आणि अहवाल ‘नाही’ म्हणतो. वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईच्या तपासणीत हा खोटा नकार महागात पडतो. म्हणून प्लाझ्मा दोनदा फिरवायचा. पहिल्यांदा फिरवून वरचा थर दुसऱ्या नळीत घ्यायचा, तळाशी बोटभर जागा सोडून, आणि पुन्हा फिरवायचा. चाचणी होकारार्थी आली तर बारा आठवड्यांनी ती परत करायची असते.

गोठवलेला प्लाझ्मा उणे वीस अंशांना दोन आठवडे, उणे सत्तरला सहा महिने टिकतो. वितळवायचा तो ३७ अंशांच्या पाण्यात झटपट, आणि मग नीट ढवळायचा. फ्रिजमध्ये हळूहळू वितळवला तर फॅक्टर आठ, फॉन विलेब्रांड आणि फायब्रिनोजेन तळाशी साका होऊन बसतात. रक्तपेढीत क्रायोप्रेसिपिटेट याच मार्गाने मुद्दाम बनवतात. आपोआप बर्फ वितळवणारे घरगुती फ्रीजर इथे निरुपयोगी, कारण त्यांचं तापमान सतत वरखाली होत असतं.

रुग्णाच्या बाजूने

सगळा दोष सुई धरणाऱ्यावर ढकलता येत नाही. धावत-पळत आलेल्या, घाबरलेल्या किंवा तापलेल्या रुग्णाचे फॅक्टर आठ आणि फॉन विलेब्रांड वाढलेले असतात, गरोदरपणातही ते चढतात; सौम्य विकार असल्या वेळी लपून जातो. ‘ओ’ रक्तगटाच्या माणसांत फॉन विलेब्रांड मुळातच साधारण पाव हिश्श्याने कमी असतो. रिव्हरॉक्सॅबान किंवा डॅबिगॅट्रान घेणाऱ्याने गोळीची शेवटची वेळ सांगितली नाही तर ल्युपसची चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते, आणि डॅबिगॅट्रानच्या अल्प मात्रेनेही थ्रॉम्बिन टाइम कमालीचा लांबतो. तेलकट जेवणानंतर प्लाझ्मा दुधाळ होतो आणि प्रकाशावर चालणारं यंत्र अडखळतं. चिठ्ठीवर औषधं आणि वेळ लिहायला दोन मिनिटं लागतात. आपल्याकडच्या बहुतेक चिठ्ठ्यांवर ती जागा कोरी असते.

काचेची नळी आणि घोणस

यंत्र, अभिकर्मक, वीज यांपैकी काही नसतानाही ही शिस्त सुटत नाही, याचं उदाहरण कोकणापासून विदर्भापर्यंतच्या ग्रामीण रुग्णालयांत सापडतं. घोणस चावली की तिचं विष फॅक्टर पाच आणि दहाला चाळवून फायब्रिनोजेन संपवतं. ते ओळखायला वीस मिनिटांची चाचणी पुरते : दोन मिलि ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालून वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपं करून पाहायचं. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. काच इथे महत्त्वाची, कारण तिचा पृष्ठभागच गोठण्याची क्रिया सुरू करतो. प्लॅस्टिकची नळी घेतली, किंवा काचेची नळी साबणाने धुऊन वापरली, की निरोगी रक्तही पातळ राहू शकतं आणि गरज नसताना प्रतिविष दिलं जातं. ते औषध तुटवड्याचं आहे आणि त्याची ॲलर्जीही येते. योगायोग असा की ल्युपस अँटिकोॲग्युलंटच्या एका प्रमुख चाचणीत याच घोणशीचं विष सौम्य करून वापरतात.

निष्कर्ष

गेल्या काही दशकांत यंत्रं अचूक झाली, आयएनआरमुळे एका शहरातला पीटीचा आकडा दुसऱ्या शहरातल्या आकड्याशी ताडून पाहता येऊ लागला. नमुन्याची शिस्त मात्र तेवढ्या वेगाने सुधारली नाही, कारण ती यंत्रासोबत विकत मिळत नाही. प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ १५१८९ मानक नमुना घेणं, नेणं आणि नाकारणं या सगळ्याला चाचणीचाच भाग मानतं. लहान प्रयोगशाळांनाही त्यातलं बरंचसं फुकट अंगीकारता येईल : नळीवर वेळ लिहिणं, भरणीची रेघ पाहणं, गुठळी तपासणं, सेंट्रिफ्यूजची त्रिज्या मोजून खरा जोर काढणं, आणि नमुना नाकारण्याचे नियम भिंतीवर लावून ते पाळणं.

डॉक्टरांसाठी नियम एका ओळीचा आहे. रुग्णाला कधी रक्तस्रावाचा त्रास झालेला नाही आणि एपीटीटी अचानक लांब आली, तर प्लाझ्मा चढवण्याआधी, शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याआधी, महागड्या तपासण्या लिहिण्याआधी नवा नमुना नीट घेऊन चाचणी पुन्हा करावी. आणि रुग्णांना सांगायचं ते असं : प्रयोगशाळेने ‘नळी कमी भरली, पुन्हा रक्त द्यावं लागेल’ असा निरोप दिला तर चिडू नका. एक जादा टोचणी सोसणं चुकीच्या उपचारापेक्षा केव्हाही परवडतं.